कमाटीबागेत पावलांच्या मागावर

बडोद्यास पाहुणा आला की त्यास कमाटीबाग दाखविल्यावाचून परत पाठवायचे नाही, असा येथील मराठी घरांचा जुना शिरस्ता आहे. पाहुणे इंदूर-ग्वाल्हेरचे असोत, बेळगावचे असोत की थेट पुण्याहून आलेले व्याही असोत. सकाळचा चहा झाला की मंडळी विश्वामित्रीच्या काठी निघालीच म्हणून समजावे. १८७९ साली उभी राहिलेली ही बाग महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने सयाजीबाग म्हणून नोंदली गेली असली, तरी घरोघरच्या बोलण्यात ती कमाटीबागच राहिली. तिच्यातील झाडे, तिच्यातील संग्रहालय आणि तिच्यातील जनावरे यांच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही मात्र यंदाच्या हिवाळ्यात एक निराळाच बेत करून तेथे गेलो. जनावरांची तोंडे पाहायची नाहीत, रंग पाहायचे नाहीत, डरकाळ्यांची वाट पाहायची नाही. पाहायचे ते केवळ पाय.

हा बेत वाचकांना थोडा विक्षिप्त वाटेल. म्हणून प्रथम एक प्रश्न विचारतो, आणि अंक क्षणभर मिटून वाचकांनी त्याचे उत्तर द्यावे अशी विनंती करतो. उभी असलेली गाय चालू लागली की तिच्या चार पायांचा क्रम कोणता? डावा पुढचा पाय उचलला की त्यानंतर कोणता उचलला जातो? गाय आपण जन्मापासून पाहिली आहे. वसुबारसेला तिच्या पायांवर पाणी घातले आहे, तिच्या खुरांना हळद-कुंकू लावले आहे. आणि तरीही दहा जणांना विचारावे तर नऊ जण हवेत बोटे नाचवू लागतात आणि दहावा जण सरळ विषय बदलतो.

आम्ही एकंदर सात जण होतो. त्यांत दोन शाळकरी मुले आणि एक आप्पा. आप्पांचे वय एक्याऐंशी. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, ते चालूही लागले. पण काठी हातात धरणे त्यांच्या जिवावर येई. घरात धरीत, पण उंबरठ्याबाहेर पडायची वेळ आली की ती दाराआड राही आणि आप्पाही घरातच राहत. या सहलीस ते आले ते नातवंडांच्या हट्टाखातर, आणि काठी आली ती सूनबाईंच्या हट्टाखातर.

बागेच्या तोंडाशी सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. सारे शहर त्यास 'काळा घोडा' म्हणते. चौकाचे नावही तेच पडले आहे. मुलांनी तेथेच विचारले, की घोड्याचे पाय उचललेले असले तर स्वार रणांगणावर पडलेला असतो, हे खरे काय? पुतळ्यांविषयीची ही समजूत आपल्याकडे सर्वत्र पसरलेली आहे. एक पाय वर म्हणजे जखमांनी मृत्यू, दोन पाय वर म्हणजे रणात मृत्यू, चारही खाली म्हणजे अंथरुणावर मृत्यू. तिच्यात तथ्य नाही. शिल्पकारांनी असा कोणताही नियम कधी पाळलेला नाही. घोड्याचा पाय कोठे असावा हे ठरविणारा एकच खरा नियम आहे, आणि तो घोड्याचा स्वतःचा आहे.

तो नियम आम्हांस बागेच्या दारातच, पुतळ्यावरून नव्हे तर रस्त्याने निवांत चाललेल्या एका गायीवरून समजला. मुलांनी तिच्यामागे पन्नास पावले चालून, मोठ्याने मोजून तो पक्का केला. आधी डावा मागचा पाय, मग डावा पुढचा; नंतर उजवा मागचा, मग उजवा पुढचा. बस्स, एवढेच. पुन्हा पहिल्यापासून. सुरुवात मागून होते आणि एक बाजू संपली की दुसरी लागते. चाल सावकाश असेल तर बहुतेक वेळ तीन पाय जमिनीवर असतात आणि एकच हवेत. आपल्या देवघरातील तिवई आठवावी. चार पायांचा पाट उंचसखल जमिनीवर डगमगतो, पण तिवई कशाही जमिनीवर ठाम बसते. चालणारी गाय म्हणजे क्षणाक्षणाला पाय बदलणारी तिवईच होय. एक पाय पुढे टाकण्याआधी उरलेल्या तिघांवर तिचा भार नीट तोललेला असतो. म्हणून वाटेत मध्येच थांबली तरी ती पडत नाही.

आत हरणांच्या आवारापाशी गेलो तर तोच क्रम. वाघाच्या आवारापाशी गेलो तर तोच क्रम. गाय, हरीण, वाघ, कुत्रा, घोडा, यांच्या राहणीत जमीन-अस्मानाचे अंतर. पण संथ चालीत साऱ्यांचे पाय एकाच पाठात बसलेले. फरक आहे तो पाय टेकण्याच्या रीतीत. अस्वल आपल्यासारखे सारा तळवा टेकते. वाघ, कुत्रा, मांजर हे बोटांवर चालतात. ज्याला आपण त्यांचा उलटा गुडघा समजतो तो वस्तुतः उंच उचललेला घोटा असतो. गाय आणि हरीण दोन बोटांच्या नखांवर चालतात, आणि घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर साऱ्या देहाचा भार पेलतो. मांजराचे आणखी एक वैशिष्ट्य असे की त्याचा मागचा पाय बहुधा पुढच्या पायाच्या ठशातच पडतो. 'पावलावर पाऊल ठेवणे' हा वाक्प्रचार आपण शिष्याविषयी योजतो; तो शब्दशः पाळते ते मांजर. पुढच्या पंजाने जी जागा चाचपली तीच जागा मागच्यास मिळाली, की वाळके पान वाजत नाही आणि सावज सावध होत नाही.

येथे कोणी म्हणेल, की इतक्या सोप्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? डोळ्यांना दिसतेच की. पण तसे नाही. घोडा चौखूर उधळला असता त्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात की नाही, यावर एकोणिसाव्या शतकातील जाणत्या लोकांचेही एकमत नव्हते. कॅलिफोर्नियातील धनाढ्य अश्वशौकीन लीलँड स्टॅनफर्ड यांच्या सांगण्यावरून एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली पालो आल्टो येथे धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले. घोडी धावत जाई तसतसे ते एकामागून एक उघडत. चित्रे धुऊन निघाली तेव्हा उत्तर मिळाले: होय, चारही पाय एका क्षणी हवेत असतात. पण कसे? चित्रकार शतकानुशतके दाखवीत आले तसे पुढचे पुढे आणि मागचे मागे ताणलेले नव्हेत, तर पोटाखाली एकत्र गोळा झालेले.

नुसत्या डोळ्यांची ही मर्यादा झाली; पण संथ चाल तर डोळ्यांना दिसते. तरीही माणसाने ती नीट पाहिली नाही. बुडापेस्टच्या गॅबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेबच मांडला. २००९ साली त्यांनी दाखवून दिले की नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांत चालताना म्हणून मांडलेल्या प्राण्यांपैकीही दहांत चारांहून अधिकांचे पाय चुकीच्या क्रमाने लावलेले आहेत. २०१२ साली त्यांनी चित्रे आणि शिल्पे तपासली. मायब्रिजपूर्वीच्या कलाकृतींत चुकांचे प्रमाण ८३.५ टक्के, त्यानंतरच्या कलाकृतींत ५७.९ टक्के, आणि आदिमानवाने गुहांच्या भिंतींवर काढलेल्या चित्रांत केवळ ४६.२ टक्के! ज्याच्यापाशी ना शाळा, ना कागद, त्या गुहावासी माणसाचे चित्र आमच्या नामांकित कलावंतांपेक्षा खरे निघाले. कारण उघड आहे. त्या जनावरावर त्याचे पोट अवलंबून होते. ते आता कोणता पाय उचलणार, हे न कळणारा शिकारी फार दिवस जगला नसता. मनुष्य ज्याच्यावर जगतो तेवढेच तो नीट पाहतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पक्ष्यांपाशी आलो तेव्हा मुलांना दोन पायांचा विषय मिळाला. ईमू लांब टांगा टाकीत आवाराच्या कडेकडेने फिरत होता. पण खरी शाळा भरली होती ती आवाराबाहेर, सांडलेल्या चण्यांच्या भोवती. चिमण्या दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारीत होत्या. साळुंक्या एकामागून एक पाय टाकीत, एखाद्या कारकुनासारख्या लगबगीने चालत होत्या. कावळा मात्र मनात येईल तेव्हा चाले आणि मनात येईल तेव्हा तिरकी उडी मारी. पारवे मान पुढेमागे हलवीत चालले होते. ती मान हलते असे आपल्याला वाटते. पण खरे पाहता पाऊल पुढे पडत असता पारवा डोके जागच्या जागी स्थिर धरून ठेवतो, अंग पुढे सरकले की एका झटक्यात डोके पुढे नेतो आणि पुन्हा स्थिर धरतो. जग हलले तर नीट दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. आप्पा बाकावर बसून हे पाहत होते. ते म्हणाले, "दोन पायांवर चालायचे म्हणजे डोके ठिकाणावर पाहिजे, हे पारव्यालाही कळते." मुले हसली. पण त्यांच्या बोलण्यात विनोदापेक्षा अनुभव अधिक होता.

बागेच्या कडेने विश्वामित्री वाहते. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी राहतात, हे बाहेरगावच्या वाचकांस खरे वाटणार नाही. पण बडोदेकरांना त्याचे नवल नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदीला महापूर आला तेव्हा त्या वस्त्यांमधून आल्या आणि वनखात्याने व स्वयंसेवकांनी त्यांना उचलून पुन्हा पाण्यात सोडले. हिवाळ्यात पुलावरून पाहिले तर काठच्या चिखलात त्या ऊन खात पडलेल्या असतात. पाण्यात शिरताना पोटावर घसरत जाणारी मगर सर्वांनी पाहिलेली असते. परंतु तिला जमिनीवरून काही अंतर जायचे असले, की ती पोट उचलते, पाय अंगाखाली घेते आणि बऱ्यापैकी ताठ चालते. एकाच देहात फरफटण्याची चाल आणि उभ्या पायांची चाल अशा दोन्ही तिच्यापाशी आहेत. प्रसंग पाहून ती त्यांतील एक निवडते. तिला त्यात कमीपणा वाटत असेल असे काही दिसले नाही.

दुपारी आम्ही बागेतच असलेल्या संग्रहालयात गेलो. १८९४ साली बांधून झालेली ही इमारत बडोद्याच्या मराठी पिढ्यांची शाळेबाहेरची शाळाच आहे. तेथील निळ्या देवमाशाचा सांगाडा कोणी पाहिला नाही? महीच्या मुखाशी वाहून आलेल्या त्या प्रचंड जीवाची हाडे पाहण्यासाठी तीन पिढ्यांनी माना वर केल्या आहेत. पण पायांच्या शोधात निघालेल्यांनी देवमाशापाशी थांबावे तरी का, असा प्रश्न मुलांनीच केला. उत्तर त्याच हाडांत आहे. देवमासा मासा नव्हे. त्याचे पूर्वज चार पायांनी जमिनीवर चालत होते. त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत पाहिले तर दंडाचे हाड, हाताची दोन हाडे, मनगट आणि बोटे, सारे आपल्या हातासारखे ओळीने मांडलेले आढळते. मागचे पाय गेले, पण कटिभागाची लहानशी हाडे देवमाशाच्या मांसात अद्याप तरंगत असतात. आणि ही कथा दूरदेशीची नाही. आपल्या कच्छमधील खडकांत सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे, आखूड पायांचे आणि लांब शेपटीचे आद्य देवमासे सापडले आहेत. त्यांतील एकास तर २००० साली 'कच्छिसीटस' असे कच्छचेच नाव देण्यात आले. आज जेथे मिठाचे रण पसरले आहे, तेथल्या उथळ समुद्राच्या काठी पाय असलेले देवमासे वावरत होते. कोणी चार पायांवरून दोनांवर आला, कोणी चारांवरून शून्यावर गेला; ज्याला जेथे जगायचे होते तेथल्या जमिनीशी, नाहीतर पाण्याशी, त्याने जमवून घेतले.

दुसऱ्या दिवशी या गोष्टीचे टोक गाठावे म्हणून आम्ही बालासिनोरजवळच्या रैयोली गावी जाण्यास निघालो. बडोद्याहून हे अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत मही ओलांडावी लागते, आणि दिवाळीनंतरच्या दिवसांत त्या रस्त्याने मेंढरांचे कळप घेऊन निघालेली रबारी मंडळी भेटतात. त्यांच्या उंटांवर खाटा, भांडी, कोकरे आणि कधी एखादे लहान मूलही बसलेले असते. आम्ही गाडी थांबवून उंटाचे पाय पाहिले. बुद्धिबळाच्या पटावरचा आपला उंट तिरका जातो. पण रस्त्यावरचा खरा उंट तिरकेपणा मुळीच मानत नाही. त्याचे डाव्या बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पुढे येतात आणि नंतर उजव्या बाजूचे दोन्ही. म्हणून तर उंटावरचा स्वार होडीत बसल्यासारखा डोलतो. पाय लांब असल्याने मागचा पुढच्यावर आपटू नये, अशी ही सोय. हत्तीची गोष्ट त्याहून न्यारी. गजगतीची आपल्या कवींनी स्तुती केली ती उगीच नव्हे. २००३ साली थायलंडमधील हत्तींच्या चालीचा अभ्यास झाला. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने जातानाही त्यांचे चारही पाय एकदम हवेत गेले नाहीत. एवढा देह ज्याला सांभाळायचा आहे, तो जमिनीशी असलेले नाते एक क्षणही तोडीत नाही.

पुढे एका वडाखाली वानरांचा कळप बसला होता. त्यांतील एक माकडीण पोटाशी पिल्लू धरून रस्ता ओलांडू लागली. मुलगी ओरडली, "हिचा क्रम चुकला!" तिचे निरीक्षण बरोबर होते. गायीच्या डाव्या मागच्या पायानंतर डावा पुढचा पडतो. बहुतेक वानरवर्गीय प्राण्यांत मात्र डाव्या मागच्यानंतर उजवा पुढचा पडतो. म्हणजे पाऊल तिरके पडते. फांद्यांवरून हिंडणाऱ्यांची ती रीत. आणि आपण? आपल्या घरात रांगणारे मूलही बहुधा असेच, डाव्या गुडघ्याबरोबर उजवा हात टाकते. मोठे झाल्यावर आपण उभे राहतो, हात जमिनीवरून सुटतात. पण चालताना डाव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. हात रिकामे झाले, पण चारांची लय विसरले नाहीत.

रैयोलीस पोहोचल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती तेथील उजाड, खडकाळ, शांत जमीन. येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी भूवैज्ञानिकांना डायनोसॉरची अंडी आणि हाडे सापडू लागली. २०१९ साली येथे संग्रहालयही उघडले. खडकात रुतलेली गोल अंडी दगडांत दगडांसारखीच दिसतात. कोणी बोट दाखविल्याशिवाय ओळखू येत नाहीत. याच परिसरातील हाडांवरून २००३ साली एका हिंस्र डायनोसॉरास 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असे नाव देण्यात आले. साडेसहा कोटी वर्षांहून पूर्वीचा हा नर्मदेचा राजा दोन पायांवर चालत असे. आपल्यासारखा ताठ नव्हे. कमरेशी जणू तराजूची दांडी, पुढे डोके आणि छाती, मागे जाड शेपूट, असा तोललेला. आणि त्याच्याच काळी या भूमीत चार पायांचे, लांब मानेचे, झाडपाला खाणारे महाकाय डायनोसॉरही वावरत.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट ही, की डायनोसॉरांचे सर्वांत आरंभीचे पूर्वज दोन पायांवर चालणारे होते. त्यांतील काहींचे वंशज पुढे पुन्हा चार पायांवर आले. दोन पायांवर उभे राहणे म्हणजे प्रगती आणि चारांवर उतरणे म्हणजे अधोगती, असे आपण मनुष्यप्राणी मोठ्या तोऱ्याने समजतो. पण जे पुन्हा चारांवर उतरले, तेच जमिनीवर चालणाऱ्या जीवांत सर्वांत मोठे झाले. आणि जे दोनांवर राहिले त्यांच्यातील एका शाखेचे वंशज काल कमाटीबागेत सांडलेले चणे टिपीत होते. पक्षी हे त्या दोन पायांच्या डायनोसॉरांचेच वारस होत.

संग्रहालयाच्या अंगणात आम्ही डबे उघडले. तेथे बोलणे साहजिकच आपल्या स्वतःच्या चालीकडे वळले. टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली आपल्या दूरच्या पूर्वजांची पावले ३६ लाख वर्षांची आहेत. तितक्या काळापासून आपण दोन पायांवर आहोत. या चालीत लाभ मोठा. २००७ साली झालेल्या एका मोजणीत असे दिसले, की चालताना माणसास चिंपांझीच्या चौथाईच शक्ती लागते. हात मोकळे झाले ते वेगळेच. पण किंमतही तशीच मोठी आहे. गाय सावकाश चालते तेव्हा तिचे बहुधा तीन पाय जमिनीवर असतात. आपण चालतो तेव्हा पाचांपैकी चार क्षण एकाच पायावर असतो. प्रत्येक पाऊल म्हणजे पुढे पडणे आणि पडता पडता स्वतःला सावरणे होय. मूल वर्षभर धडपडून हे सावरणे शिकते. वय झाले की तेच हळूहळू हातचे सुटू लागते. म्हणून वृद्ध मंडळी लहान पावले टाकतात आणि दोन्ही पाय जमिनीवर अधिक वेळ ठेवतात. ती मंद झाली म्हणून नव्हे; देह शहाणा झाला म्हणून.

आप्पांनी हे सारे ऐकून घेतले. त्यांची काठी शेजारी आडवी पडली होती. आमच्यातील एक ताई रुग्णांना व्यायाम शिकविण्याचे काम करतात. त्या म्हणाल्या, "आप्पा, तुमचा दुखरा पाय डावा, आणि काठीही तुम्ही डाव्या हातात धरता. सगळेच तसे धरतात. ती उजव्या हातात घ्या. डावा पाय टाकाल तेव्हा काठी बरोबरच पुढे टेकवायची." काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली म्हणजे त्या खुब्यावरचा भार हलका होतो. आप्पा उठले. चारसहा पावले अवघडल्यासारखी पडली. मग पाय आणि काठी यांची जोडी जमली. डावा पाय, उजवी काठी. नातू मागून चालत त्यांची पावले मोजीत होता, आदल्या दिवशी गायीची मोजली होती तशीच. तो म्हणाला, "आप्पा, हे तर माकडिणीचे तिरके पाऊल झाले." आप्पा म्हणाले, "माकडीण पोर सांभाळून रस्ता ओलांडते. तिची चाल मला चालेल." त्या खडकाळ वाटेने ते अंड्यांच्या जागेपर्यंत जाऊन आले. परतताना थांबावे लागले, पण कोणाचा हात त्यांनी मागितला नाही.

आपल्या समाजात म्हाताऱ्या माणसाच्या हाती काठी आली की घरात एक दबका सूर उमटतो. 'आता काठीवर आले' या तीन शब्दांत किती तरी गोष्टी संपल्याची सूचना असते. या सूचनेपायी कित्येक जण काठी टाळतात, पडतात, आणि मग खरोखरीच अंथरुणाला खिळतात. सृष्टीकडे पाहिले तर तिच्यात असा हिशेब कोठेही दिसत नाही. तेथे दोन श्रेष्ठ आणि तीन कनिष्ठ असे काही नाही. पाय किती, हा प्रश्न मानाचा नसून जमिनीचा आहे, भाराचा आहे, आणि पोहोचायचे कोठे याचा आहे. तीन टेकू जमिनीवर असावेत ही तर चतुष्पादांची लाखो वर्षांची रीत.

बडोद्यास येणाऱ्या वाचकांनी एक सकाळ कमाटीबागेसाठी आणि एक दिवस रैयोलीसाठी अवश्य राखून ठेवावा. हिवाळा उत्तम, उन्हाळ्यात रैयोलीच्या खडकांवर पाय ठरत नाही. पाणी आणि फराळ बरोबर असावा. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनीही हळहळू नये. गाय ग्वाल्हेरच्या गल्लीतही चालते, चिमणी बेळगावच्या अंगणातही उडी मारते आणि रांगणारे मूल कोणत्याही गावी मिळते. मुलांना घेऊन तासभर नुसते पाय पाहावेत. आणि घरात कोणी काठी दाराआड ठेवून बसले असेल, तर जाताना तीही बरोबर घ्यावी. कोणत्या हाती धरायची ते आता ठाऊक झालेच आहे.